शब्दवेध : टोपॉलॉजी

ग्रीक ‘टोपोस’ म्हणजे जागा, ‘लोगोस’ म्हणजे विवेचन. गाउसचा शिष्य योहान लिस्टिंग याने १८३६ मध्ये एका पत्रात ‘टोपोलोगी’ हा शब्द वापरला आणि १८४७ मध्ये तो ग्रंथाच्या शीर्षकात आणला. तरीही ‘आनालिसिस सिटुस’ हे जुने लॅटिन नाव मागे हटले नाही. प्वँकारेने १८९५ च्या आपल्या पायाभूत निबंधाला तेच दिले. मराठीत ‘संस्थिती’ म्हणतात. सम् आणि स्था मिळून झालेला हा शब्द अधिक नेमका वाटतो, कारण गणिताच्या या शाखेत लांबी-रुंदीला नव्हे, तर कोण कोणाला जोडलेले आहे याला महत्त्व असते.

मुंबईच्या उपनगरांतच याचे स्वच्छ उदाहरण आहे. पूर्वी रेल्वेने अंधेरीहून घाटकोपरला जायचे तर सहसा दादरला गाडी बदलावी लागे. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा–घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि अंधेरी–दादर–घाटकोपर असे नवे बंद वेटोळे तयार झाले. नकाशा ताणला, आक्रसला किंवा मार्ग वाकडे काढले, तरी ते वेटोळे पुसले जात नाही. चकाला, साकीनाका, असल्फा अशी मधली स्थानके कितीही असोत, वेटोळ्यांच्या संख्येत भर पडते ती एकाचीच.