सातमाशी की नुसतं बारीक?

‘सातमाशी’ आणि ‘बारीक’ हे शब्द घरातली आजी कधी एकमेकांच्या जागी वापरत नाही. एकात दिवसांचा हिशेब असतो, दुसऱ्यात अंगावरच्या मांसाचा. वैद्यकशास्त्राने मात्र कित्येक वर्षं दोन्ही बाळं एकाच टोपलीत घातली.

टोपलीवर आकडा होता २५०० ग्रॅम. फिनलंडचे बालरोगतज्ज्ञ आर्वो युल्प्यो यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ही रेघ आखली, १९३५ साली अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ती उचलली. बाळ अडीच किलो किंवा त्याहून कमी भरलं की ते अपुऱ्या दिवसांचं! यात सोय मोठी होती. तराजू जागेवर असतो. शेवटच्या पाळीची तारीख आईला आठवेलच असं नाही.

पण अठराशे ग्रॅमची दोन बाळं शेजारीशेजारी ठेवून पाहावीत. एक बत्तीस आठवड्यांचं, दुसरं अडतीसचं. पहिल्याचे तळवे जवळपास गुळगुळीत, कानाची पाळी दुमडली तर तशीच राहते, हात छातीवरून पलीकडे ओढला तर कोपर सहज मध्यरेषा ओलांडतं. दुसऱ्याच्या तळव्यावर रेघा दाट आणि कान चटकन जागेवर येतो. पहिल्याच्या श्वासावर नजर ठेवायची, दुसऱ्याची साखर उतरत नाही ना ते बघायचं. वजन तेच, सिस्टरचं काम निराळं. याच खुणांना गुण देऊन बाळाचे आठवडे ठरवायची बॅलर्ड यांची पद्धत १९७९ साली आली.

त्याआधी १९६१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने अशा बाळांना सरसकट अपुऱ्या दिवसांची न म्हणता ‘कमी वजनाची’ म्हणावं, असं सुचवलं. १९६७ साली अमेरिकेतल्या डेन्व्हरचे डॉक्टर बटाग्लिया आणि लुला लुबचेंको यांनी वजन आणि आठवडे एकाच तक्त्यावर मांडले. दिवसांच्या मानाने लहान, बेताचं, मोठं, ही आजची वर्गवारी तिथली. गंमत अशी की डेन्व्हर समुद्रसपाटीपासून मैलभर उंचीवर, आणि उंचावर बाळं जरा हलकीच जन्मतात. तिथला तक्ता सखल गावांना जसाच्या तसा लावण्यावर पुढे आक्षेप आले.

आजीचं सगळंच खरं, असंही नाही. सातव्या महिन्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही, ही समजूत साफ चुकीची आहे. दिवस भरेपर्यंत पोटात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या कामीच येतो.

वजन आणि दिवस, दोन्हींचा हिशेब पुढे गावातल्या घरांपर्यंत पोचला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नव्वदच्या दशकात ३९ गावांत आरोग्यदूत तयार केल्या. घरी जाऊन बाळ झोळीच्या काट्यावर तोलायचं, जोखमीचं कोणतं ते ओळखायचं आणि त्याच्याकडे जास्त खेपा घालायच्या. तुलनेच्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पुढे हीच रीत देशभरच्या आशाताईंच्या प्रशिक्षणात आली. त्यात दोन हजार ग्रॅमच्या आतलं बाळ जोखमीचं, पहिल्या दिवशी नीट दूध न ओढणारं जोखमीचं, आणि आईच्या हिशेबाने आठ महिने चौदा दिवस भरण्याआधी जन्मलेलंही जोखमीचं.