सायकल, नित्य प्रवासाची : रत्नागिरीच्या संदर्भात

घर ते कचेरी, शाळा, बाजार किंवा कारखाना अशा रोजच्या ये-जा करण्यासाठी वापरण्यात येणारी सायकल. तिचा घाट ठरविण्यात वेगापेक्षा रस्त्याचा पृष्ठभाग, चढउतार, पाऊस आणि वाहावयाचे ओझे या बाबी निर्णायक ठरतात. कोकण किनाऱ्यावरील रत्नागिरी येथे या चारही बाबी एकत्र येतात. त्यामुळे साधी ‘रोडस्टर’, रस्ता-शर्यतीची सायकल आणि सायक्लोक्रॉस सायकल यांच्या गुणदोषांची पारख तेथे विशेष स्पष्टपणे होते.

इतिहास : कार्ल फोन द्राइस या जर्मन संशोधकाने १८१७ मध्ये पायांनी जमीन ढकलीत चालवावयाचे दुचाकी वाहन तयार केले. १८८५ मध्ये जॉन केंप स्टार्ली याने इंग्लंडमध्ये समान आकाराच्या चाकांची व मागील चाकास साखळीने गती देणारी ‘रोव्हर’ सायकल बनविली आणि १८८८ मध्ये डनलॉप याने हवा भरलेला टायर प्रचारात आणला. त्याच वर्षी लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) व त्यांचे बंधू रामचंद्रपंत यांनी बेळगाव येथे सायकलविक्रीचे दुकान सुरू केले. पुढे नांगर व यंत्रे यांसाठी प्रसिद्धी पावलेल्या उद्योगाचा आरंभ अशा रीतीने सायकलीपासून झाला.

भारतात रूढ झालेली रोडस्टर ही ब्रिटिश घाटाची सायकल होय. २८ इंची चाके, सु. ४० मिमी. रुंदीचे टायर, दांड्यांनी चालणारे ब्रेक, मडगार्ड, कॅरिअर आणि झाकलेली साखळी ही तिची लक्षणे असून तिचे वजन सु. २० किग्रॅ. असते. मुंबईत वरळी येथील ‘हिंद सायकल्स’, मद्रासजवळील ‘टी. आय. सायकल्स’ (स्थापना १९४९), सोनीपतची ‘ॲटलस’ (१९५१) आणि लुधियानाची ‘हीरो’ (१९५६) या कारखान्यांनी हा घाट देशभर पोहोचविला. तासाच्या भाड्याने सायकल देणारी व पंक्चर काढणारी दुकाने गावोगावी निघाली. सुटे भाग सर्वत्र सारखेच असल्याने दुरुस्ती सोपी व स्वस्त झाली.

शर्यतीच्या दोन परंपरा : यूरोपात रस्ता-शर्यतीसाठी वजनाने हलकी, खाली वळलेल्या हँडलची व अरुंद टायरची सायकल विकसित झाली. गिअर बदलणारी डिरेलर यंत्रणा ‘तूर द फ्रान्स’ या शर्यतीत १९३७ मध्ये मान्य झाली. सायक्लोक्रॉस हा शेते, चिखल व अडथळे यांतून जाणारा हिवाळी शर्यतीचा प्रकार असून त्याची फ्रान्समधील राष्ट्रीय स्पर्धा १९०२ मध्ये, तर पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५० मध्ये पॅरिस येथे झाली. या सायकलीचे हँडल रस्ता-शर्यतीच्या सायकलीसारखेच असते. तथापि टायर खाचांचे व सु. ३३ मिमी. रुंदीपर्यंतचे असतात, चिखल अडकू नये म्हणून चाक व सांगाडा यांत अधिक अंतर ठेवलेले असते आणि गिअर सौम्य असतात. या शर्यतींत डिस्क ब्रेकना २०१० मध्ये परवानगी मिळाली.

रत्नागिरीची परिस्थिती : शहराचा मांडवी–राजिवडा हा भाग समुद्र व काजळी नदीच्या मुखालगत असून थिबा राजवाड्यासारख्या वास्तू उंचावर आहेत. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. या मार्गावरील रत्नागिरी स्थानक शहराबाहेर पूर्वेस असल्याने ये-जा करणाऱ्यास लांबचे अंतर व चढ दोन्ही पार करावे लागतात. भूपृष्ठ जांभ्याचा आहे. वार्षिक पर्जन्यमान ३,००० मिमी.हून अधिक असून त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. रस्त्यावर तांबड्या मातीचा थर येतो व कडेस खड्डे पडतात. खाऱ्या हवेमुळे लोखंडी भाग लवकर गंजतात.

तुलना : पंधरास एक या प्रमाणातील चढावर, हवा व घर्षण यांचा रोध वगळल्यास, ६० किग्रॅ. वजनाच्या स्वारास २० किग्रॅ.ची रोडस्टर चढविण्यासाठी पेडलवर सरासरी सु. २७ किग्रॅ. भार द्यावा लागतो. येथे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सु. ५·४ मी. पुढे जाते असे धरले आहे. १० किग्रॅ.च्या सायक्लोक्रॉस सायकलीस, एका फेऱ्यात सु. २·४ मी. अंतर देणाऱ्या सौम्य गिअरमध्ये, हाच भार सु. ११ किग्रॅ. एवढा उतरतो. मात्र तेवढ्याच उंचीसाठी पाय अधिक वेळा फिरवावे लागतात. यामुळे चढ आला की रोडस्टरवरून उतरून ती हाताने ढकलीत नेणे भाग पडते.

उतारावरील प्रश्न अधिक गंभीर आहे. क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादी रिमवर रबरी ब्रेकची पकड पावसात फारच कमी होते. अवजड सायकल, ओझे आणि ओला उतार यांचा मेळ म्हणूनच धोक्याचा ठरतो. ॲल्युमिनियमची रिम किंवा डिस्क ब्रेक हा त्यावरील उपाय होय. रस्ता-शर्यतीची सायकल कोरड्या व गुळगुळीत डांबरी रस्त्यावर सर्वांत कमी श्रमात चालते. परंतु तिच्या २३ ते २८ मिमी. टायरांस खड्ड्यांत इजा होते आणि जुन्या प्रकारांत मडगार्ड बसविण्यास पुरेशी जागा नसते. सायक्लोक्रॉस सायकलीत या उणिवा बऱ्याच अंशी दूर होतात. मात्र मूळ शर्यतीच्या घाटात कॅरिअर व मडगार्ड यांची सोय नसल्यास ती नित्य वापरास अपुरी पडते. शिवाय किंमत अधिक असते आणि सुटे भाग गावच्या दुकानात मिळतीलच असे नाही.

तात्पर्य, पावसाळ्यासह बाराही महिने चढउताराच्या रस्त्याने जाणाऱ्यास रुंद टायर, सौम्य गिअर व ओल्यातही धरणारे ब्रेक असलेली सायक्लोक्रॉस जातीची सायकल अधिक सोयीची आहे. सपाट भागातील थोड्या अंतरासाठी व ओझ्यासाठी रोडस्टरची उपयुक्तता टिकून आहे. रोडस्टर हाच परवडणारा पर्याय असेल, तर ब्रेकचे रबर वेळेवर बदलणे, शक्य तेथे ॲल्युमिनियमची रिम बसविणे आणि पावसात तीव्र उतारावर खाली उतरून चालणे ही दक्षता आवश्यक ठरते. कोकणात सायकलीचा नित्य वापर वाढण्यास तिच्या घाटाइतकीच रस्त्यांची निगा कारणीभूत होईल.