शिवी, श्रोता आणि सामाजिक प्रतिष्ठा : महाराष्ट्राच्या इतिहासातील काही टप्पे

प्रस्तावना

शिवी देणाऱ्या माणसाची समाजातील पत कमी होते, असे नीतिपाठ सांगतात. उलट, चारचौघांत दणदणीत शिवी हासडणारा गावचा पाटील, कारखान्यातील मुकादम किंवा राजकीय पुढारी 'रोखठोक' म्हणून नावाजला जातो, हाही नित्याचा अनुभव आहे. या दोन्ही गोष्टी एकाच समाजात एकाच वेळी खऱ्या असतील, तर शिवीचा परिणाम तिच्या शब्दांत शोधून भागणार नाही. ती कोणी दिली, कोणाला दिली आणि कोणाच्या साक्षीने दिली, या तीन गोष्टींचा विचार करावा लागेल. प्रस्तुत लेखात महाराष्ट्राच्या इतिहासातील काही निवडक पुराव्यांच्या आधारे हा विचार केला आहे.

स्मृतिकारांचा दंड आणि शिलाहारांचा शिलालेख

प्राचीन भारतीय व्यवहारशास्त्रात शिवीगाळीला 'वाक्पारुष्य' ही संज्ञा असून त्याचे स्वतंत्र प्रकरण आढळते. नारदस्मृतीत त्याचे निष्ठुर, अश्लील आणि तीव्र असे तीन प्रकार केले आहेत. याज्ञवल्क्यस्मृती त्याहून नेमकी आहे. दुसऱ्याच्या आईचा किंवा बहिणीचा उल्लेख करून जो अभद्र बोलेल, त्याच्याकडून राजाने २५ पण दंड वसूल करावा, असे तिच्या व्यवहाराध्यायात सांगितले आहे. लगेच पुढच्या श्लोकात हा दंड शिवी खाणाऱ्याच्या दर्जानुसार बदलतो. तो हीन असेल तर निम्मा, श्रेष्ठ असेल तर दुप्पट. परस्त्रीला शिवी दिली तरीही दुप्पट. मनुस्मृतीतील आकडे तर सरळ उतरंडीचेच आहेत. ब्राह्मणाला शिवी देणाऱ्या क्षत्रियास १०० पण, वैश्यास १५० किंवा २०० पण आणि शूद्रास शारीरिक शिक्षा. ब्राह्मणाने मात्र क्षत्रियाला शिवी दिल्यास ५० पण, वैश्याला दिल्यास २५ आणि शूद्राला दिल्यास अवघे १२ पण. शब्द तेच राहिले तरी किंमत बदलते. ती शब्दाची किंमत नसून बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातील सामाजिक अंतराची किंमत आहे, हे उघड आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीवरील एक प्रमाण टीका 'अपरार्क' या नावाने ओळखली जाते. तिचा कर्ता कोकणचा शिलाहार राजा अपरादित्य होय. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात होऊन गेलेला पहिला अपरादित्य तो हाच, असे पां. वा. काणे यांचे मत आहे. म्हणजे मातेवरून दिलेल्या शिवीला दंड सांगणाऱ्या ग्रंथाचे भाष्यकारत्व ज्या राजकुलाकडे जाते, त्याच कुलातील दुसऱ्या अपरादित्याचा शके ११०८ (इ. स. ११८७) चा परळ येथील शिलालेख येथे विचारात घ्यावा लागतो. श्रीवैद्यनाथ देवाच्या पूजेसाठी दिलेल्या दानाचा हा लेख संस्कृतात आहे. पण शेवटी, दानाचा भंग करणाऱ्यास शाप देण्याची वेळ येताच लेखाची भाषा मराठी होते. शासन लोपणाऱ्यावर वैद्यनाथ देवाचा भाला सहकुटुंब कोसळेल, अशी धमकी प्रथम येते आणि पाठोपाठ त्याच्या आईला गाढवावरून दिलेली सरळ, नागडी शिवी येते.

अशा लेखांना 'गधेगाळ' म्हणतात. 'गाळ' म्हणजे शिवी. कोकणात, देशावर आणि गोव्यातही असे दगड आढळतात. दगडाच्या वरच्या भागात चंद्र, सूर्य व कलश, मध्ये दानाचा मजकूर आणि तळाशी गाढव व स्त्री यांचे शिल्प, अशी त्यांची सामान्य रचना असते. काही दगडांवर लेख नसून केवळ शिल्पच आहे. शं. गो. तुळपुळे यांनी 'प्राचीन मराठी कोरीव लेख' (१९६३) या ग्रंथात एकत्र केलेल्या लेखांतही अशा शापवचनांचे नमुने मिळतात. मराठीच्या प्राचीनत्वाचा अभिमान बाळगणारा अभ्यासक तिच्या आद्य लेखांचा शोध घेत जातो, तेव्हा त्याला दानधर्माच्या शेजारीच ही शिवी भेटते. ती वगळून भाषेचा इतिहास लिहिण्याचा मोह पूर्वीच्या काही पाठ्यपुस्तकांना आवरता आलेला नाही.

येथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक म्हणजे श्रोत्याची निवड. संस्कृत ताम्रपटांतही भूमिहरण करणाऱ्यास शाप असतो. तो साठ हजार वर्षे नरकात राहील, विष्ठेतील कृमी होईल, असे त्याला बजावलेले असते. हा शाप परलोकातील आहे व तो संस्कृत जाणणाऱ्यांसाठी आहे. गधेगाळीचा श्रोता निराळा. शेताच्या बांधावरून जाणारा शेतकरी, गावचा अधिकारी, उद्याचा वतनदार यांना तो शाप इहलोकात व त्यांच्या भाषेत ऐकवायचा होता. अक्षरओळख नसणाऱ्यासाठी खाली चित्र होतेच. अशी शिवी कोरवून घेतल्याने राजाची प्रतिष्ठा उणावली नाही. उलट ती चंद्र-सूर्याच्या खाली, देवाच्या नावासोबत आणि राजाज्ञेचा भाग म्हणून कोरली गेली. बाजारात दिलेल्या ज्या शिवीला २५ पण दंड, तीच राजाने दिली की शासन ठरते.

दुसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी आहे. दान मोडणारा पुरुष. दान देणारा पुरुष. शिवी मात्र जिचा या व्यवहाराशी काडीचा संबंध नाही अशा तिसऱ्या व्यक्तीला, म्हणजे मोडणाऱ्याच्या आईला. पुरुषाची अब्रू घरातील स्त्रीच्या देहात साठवलेली असते, ही समजूत दाता आणि भंजक या दोघांनाही मान्य असल्याखेरीज ही धमकी परिणामकारक होणे शक्य नव्हते. गाढवाच्या शिल्पातील स्त्रीचा अर्थ भूमी असा लावण्याचाही प्रयत्न झाला आहे. परळसारख्या लेखातील शब्द इतके स्पष्ट आहेत की तो अर्थ सर्वत्र लागू करणे कठीण आहे.

परवानगीची शिवी

शिमग्याच्या दिवसांत बोंब मारण्यास व अचकटविचकट बोलण्यास लोकरूढीने मुभा दिली आहे. 'शिमगा करणे', 'शिमगा गेला आणि कवित्व राहिले' हे वाक्प्रचार त्यातूनच रूढ झाले. या शिव्यांनी कोणाची पत जात नाही, कारण त्यांना तिथी ठरलेली असते. तिथी उलटल्यावर तेच शब्द उच्चारणारा मात्र दोषी ठरतो.

जात आणि शिवी

एकोणिसाव्या शतकात पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली (१८४८), तेव्हा शिकवावयास जाणाऱ्या सावित्रीबाई फुले यांना रस्त्यात शिवीगाळ व शेणाचा मारा सोसावा लागला, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. शिव्या देणारे स्वतःला प्रतिष्ठित समजणाऱ्या वर्गातील होते, आणि त्यांच्या प्रतिष्ठेला त्या काळी त्यामुळे धक्का बसला नाही. स्मृतींतील उतरंड दंडसंहितेतून गेली तरी व्यवहारातून गेली नव्हती. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने कलम ५०४ मध्ये शांतताभंगास चिथावणी देणारा अपमान व कलम २९४ मध्ये सार्वजनिक ठिकाणचे अश्लील शब्द गुन्हा ठरवले. तेथे जातीनुसार दंड नव्हता, ही मोठी क्रांती होती. परंतु समान कायदा असमान समाजाला लागू केल्याने वरून खाली येणारी शिवी आणि खालून वर जाणारी शिवी एकाच मापाने मोजली जाऊ लागली.

हा प्रश्न अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ याने हाताळला. त्यात २०१५ साली झालेल्या सुधारणेनंतर जातीच्या नावाने शिवीगाळ करणे हा वेगळा गुन्हा ठरला. जातीचे नाव हा कोशातील अपशब्द नव्हे. बोलणाऱ्याच्या स्थानामुळे त्याची शिवी होते. अट एकच, ती जनतेच्या दृष्टिपथात घडलेली असावी. स्वर्णसिंग खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागा आणि जनतेच्या दृष्टिपथातील जागा यांत फरक केला, तर हितेश वर्मा खटल्यात (२०२०) साक्षीदारांविना घराच्या चार भिंतींआड झालेला अपमान या कलमात बसत नाही, असे म्हटले. प्रतिष्ठा ही पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत असते, हे येथे कायद्याने गृहीत धरले आहे. मात्र ज्या मजुराला बंद खोलीत मालक बोलतो, त्याच्या वाट्याला या तर्काने फारसे काही येत नाही.

साहित्य आणि न्यायालय

१९७२ हे वर्ष मराठीत या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. विजय तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' रंगभूमीवर आले आणि नाट्यपरीक्षणापासून न्यायालयापर्यंत वाद गेला. त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. मुंबईच्या वेश्यावस्तीतील बोली व शिव्या या संग्रहात कवितेची भाषा झाल्या. ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या शिव्या पडल्या, त्यांच्यापैकी एकाने त्या उलट फिरवल्या होत्या. ढसाळांना १९९९ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २००४ मध्ये साहित्य अकादमीने त्यांचा जीवनगौरव केला. शिवीने त्यांची पत बुडवली नाही, हे खरे. पण हा निकाल यायला २५ वर्षांहून अधिक काळ लागला.

वसंत दत्तात्रय गुर्जर यांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेची कथा वेगळी झाली. ती १९९४ मध्ये एका बँक कर्मचारी संघटनेच्या मुखपत्रात छापली गेली आणि प्रकरण दंडसंहितेच्या कलम २९२ खाली न्यायालयात गेले. १४ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुखपत्राच्या प्रकाशकाला, त्याने माफी मागितली असल्याने, मोकळे केले. कवीला मात्र खटल्यास सामोरे जाण्यास सांगितले. ऐतिहासिक आदरणीय व्यक्तीच्या तोंडी अश्लील शब्द घातले असता अश्लीलतेची कसोटी अधिक कठोरपणे लावावी लागते, असे न्यायालयाचे म्हणणे होते. याज्ञवल्क्याने श्रेष्ठासाठी दंड दुप्पट केला होता. विसाव्या शतकातील कवितेसाठी कसोटीची धार वाढवली गेली. अर्थात येथील श्रेष्ठत्व जन्माचे नसून लोकांनी दिलेल्या आदराचे आहे, हा भेद लहान नाही.

'कॉलेज रोमान्स' या हिंदी मालिकेतील शिव्यांचे प्रकरण २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर आले, तेव्हा मालिकेतील संवाद आजूबाजूच्यांना ऐकू जाऊ नयेत म्हणून आपल्याला दालनात इअरफोन लावून ते ऐकावे लागले, असे न्यायमूर्तींनी निकालपत्रात नमूद केले. ऐकणाऱ्याच्याही प्रतिष्ठेचा प्रश्न असतो, याची अशी कबुली अन्यत्र क्वचितच मिळेल. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. शिव्या व असभ्य भाषा किळस आणू शकते, पण ती आपोआप अश्लील ठरत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. मालिकेतील पात्रे महाविद्यालयीन मुले-मुली होती. त्यांच्यात कोणी आदरणीय पुरुष नसल्याने २०१५ ची कठोर कसोटी लावण्याचा प्रसंगच तेथे आला नाही.