तारा सोडून प्रकाशाकडे : ‘इंटा’ची वाटचाल

स्पेनची ‘इंटा’ ही सरकारी विमान व अंतराळ संशोधन संस्था 1942 सालची. मुक्काम माद्रिदजवळच्या तोरेखोनला. तिचा पहिला उपग्रह ‘इंटासॅट’ 1974 च्या नोव्हेंबरात अमेरिकी डेल्टा रॉकेटने वर गेला. मधली वर्षे ओलांडून थेट नव्वदीच्या अखेरीस येऊ, कारण संस्थेने आपली वेगळी वाट तिथे धरली.

उपग्रहाच्या पोटात तारांचे जंजाळ असते. त्यांचे वजन तर असतेच, शिवाय ऐनवेळी एखादा सेन्सर हलवायचा तर सगळी जुळणी उसवावी लागते. रेडिओलहरी वापराव्यात, तर शेजारच्या नाजूक उपकरणांना त्रास होण्याची धास्ती. इंटाने अवरक्त प्रकाश निवडला. घरातही रिमोट भिंतीकडे रोखून दाबला तरी टीव्ही लागतो. तसाच हा प्रकाश उपग्रहाच्या आतल्या भिंतींवर विखुरत समोरच्या फोटोडायोडपर्यंत पोचतो. थेट नजरानजर लागतेच असे नाही.

संस्थेने घाई केली नाही, हे मला विशेष वाटते. डिसेंबर 2004 मध्ये एरियान-5 वरून गेलेल्या, जेमतेम वीस किलोच्या ‘नॅनोसॅट-01’ मध्ये एक चुंबकीय सेन्सर तेवढा संगणकाशी प्रकाशाने जोडला. दुसरा प्रयोग चुका मोजण्यासाठी होता. अवकाशातला प्रोटॉन फोटोडायोडवर आदळला की खोटा स्पंद उमटतो, आणि संगणकाला तो संदेशच वाटू शकतो. जमिनीवर कितीही चाचण्या घ्या, खरा हिशेब कक्षेतच लागतो. सप्टेंबर 2007 मध्ये रशियाच्या ‘फोटॉन-एम3’ यानातूनही हे तंत्र बारा दिवस फिरून आले.

मग 21 नोव्हेंबर 2013 रोजी ‘ऑप्टोस’ गेला. 10 सेंटिमीटर रुंद, सुमारे 34 सेंटिमीटर उंच, चार किलोंच्या आतला. त्यातली उपकरणे एकमेकांशी बोलत ती प्रकाशातून, मोटारगाड्यांत रुळलेल्या ‘कॅन’ पद्धतीने. विजेला मात्र तारच लागते. प्रकाशाने सुटतो तो माहितीचा भार.

आपल्याकडेही असे चिमुकले उपग्रह बनतात. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा किलोभराचा ‘स्वयम्’ 22 जून 2016 रोजी पीएसएलव्ही-सी34 ने कक्षेत पोचवला. अशा गटांनी पुढच्या उपग्रहात निदान एक सेन्सर प्रकाशाने जोडून पाहायला हरकत नाही. एलईडी आणि फोटोडायोड बाजारात मिळतात. खोट्या स्पंदांचा बंदोबस्त मात्र ज्याचा त्यालाच करावा लागेल.