सगळ्या वर्गाची एकच वही : शाळेत ऑनलाइन साधनं कशी वापरतात?

पोरं आपापल्या घरी आहेत, पण लिहिताहेत एकाच वहीत. एकाने ओळ लिहिली की दुसऱ्याला लगेच दिसते, आणि बाई-सरांना सगळं पाहता येतं. गुगल डॉक्स, गुगल शीट्स, पॅडलेट यांचं काम असं चालतं. गुगल क्लासरूम ही त्यापेक्षा वेगळी, गृहपाठ देण्या-तपासण्याची जागा.

आपल्या राज्यातलं गाजलेलं उदाहरण सोलापूर जिल्ह्यातलं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि इंटरनेटवरून आपल्या मुलांची परदेशातल्या वर्गांशी गाठ घालून दिली. २०२० सालचा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला. दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांत वाटली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्य सरकारने गुगलच्या साथीने शाळांसाठी गुगल क्लासरूम आणलं. आमच्याकडे मात्र लॉकडाऊनभर व्हॉट्सॲपवर वह्यांचे फोटोच फिरले. फोटो पाठवणं म्हणजे एकत्र काम नव्हे.

एकत्र काम कसं असतं ते पाहा. समजा, नेरुळची एक शाळा आणि पनवेल तालुक्यातली एक शाळा, दोन्हीकडचे सातवीचे वर्ग. गुगल शीट्समध्ये एक तक्ता करायचा. गावाकडची मुलं लिहितील, आज वांगी शेतावरून काय भावाने गेली. शहरातली मुलं लिहितील, घराजवळच्या भाजीवाल्याने किती घेतले. मधल्या रकान्यात वाशीच्या बाजार समितीचा घाऊक भाव. वजाबाकीचं सूत्र एकदा टाकलं की फरक आपोआप येतो. २० ची वांगी ६० ला कशी झाली, यात हमाली, तोलाई, गाडीभाडं, नासाडी सगळं शिकवता येतं. गणितही होतं आणि भूगोलही.

पण तक्त्यात शेतकऱ्याचं नाव घालू नये, ‘शेतकरी १, शेतकरी २’ एवढंच पुरे. कुणाच्या बापाने माल पडेल भावाने दिला, हे वर्गभर कशाला कळायला हवं?

लिंक देताना तीन परवानग्या असतात : फक्त पाहणे, शेरा देणे, बदल करणे. बदलाची परवानगी वर्गापुरतीच ठेवा. ‘लिंक असलेला कोणीही’ असं केलं की लिंक गावच्या ग्रुपवर गेली तर कोणीही खाडाखोड करतो. माझ्या मुलीच्या वर्गाचा अख्खा तक्ता एकदा असाच पुसला गेला. शिक्षकांनी संगणकावर ‘आवृत्ती इतिहास’ उघडून आदल्या दिवसाचा तक्ता परत आणला, म्हणून वाचला.

आपल्याकडे घरात फोन एकच, तोही सकाळी वडिलांबरोबर रानात जातो. म्हणून चार-पाच मुलांचा गट करून एका फोनवर काम द्यावं, आणि दर आठवड्याला लिहिणारा बदलावा. नाहीतर ज्याच्या घरचा फोन तोच लिहितो, बाकीचे नुसते बघतात.

१३ वर्षांखालच्या मुलाला स्वतःचं गुगल खातं काढता येत नाही. त्यासाठी पालकांच्या देखरेखीतलं किंवा शाळेने दिलेलं खातं लागतं. वय खोटं टाकून खातं काढून देऊ नका.

महिन्याला तक्त्याची प्रत उतरवून कागदावर छापून ठेवा. ही साधनं कंपनी कधीही बंद करते. गुगलचा जॅमबोर्ड २०२४ अखेर गेला, स्काइप मे २०२५ मध्ये.