बोनस, डालडा आणि आमच्या घरचा फराळ

गेल्या वर्षी दसरा झाला आणि आईनं जाहीर केलं, "यंदा चकली होणार नाही."

कारण मनगट. इतकी वर्षं सोऱ्या दाबून उजवा हात गेलाय, डॉक्टरांनी पट्टा दिलाय. मी लगेच फोन काढला. पिंपळे गुरवात फराळ घरपोच देणारी दहा नावं दोन मिनिटांत सापडली. पण बाबा अडून बसले. "विकतचा फराळ? आपल्यात तशी परंपरा नाही."

कोपऱ्यात गवार मोडत बसलेली आजी हसली. "कुणाची परंपरा रे? मी चकली पहिल्यांदा खाल्ली ती इथं येऊन. तुमच्या शेजारणीच्या हातची."

मी सॉफ्टवेअरवाला आहे. ऑफिसात कुणी "हे आधीपासून असंच आहे" म्हणालं की ती ओळ कुणी आणि कधी लिहिली ते आधी बघायचं, अशी सवय लागलीये. फराळाच्या बाबतीत तेच करायला घेतलं आणि दिवाळीपर्यंत त्यातच अडकलो.

शब्दापासूनच गंमत सुरू होते. फराळ आला फलाहारावरून. म्हणजे मुळात उपासाचं खाणं! एकादशीचा फराळ आणि दिवाळीचा फराळ यांत आज कॅलरींचं केवढं अंतर आहे, पण शब्द एकच.

दिवाळी स्वतः मात्र खूप जुनी आहे. पुण्यातल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी इसवी सन ५० ते १९४५ एवढ्या मोठ्या काळातले दिवाळीचे उल्लेख एका इंग्रजी लेखात गोळा केलेत. अकराव्या शतकात भारताविषयी लिहिणारा अल्-बीरूनी सांगतो की या दिवशी लोक न्हातात, सणाचे कपडे घालतात, एकमेकांना विड्याची पानं-सुपारी देतात आणि देवळात जाऊन दानधर्म करतात. पान-सुपारी! चिवडा-लाडूचं ताट शेजारी पाठवणं नाही. तळण आपल्याकडे नव्हतं असं नाही. बाराव्या शतकातला चालुक्य राजा सोमेश्वर यानं मानसोल्लासात वडे आणि पुऱ्यांची वर्णनं केली आहेत. पण तो राजाचा मुदपाकखाना होता. करमाळ्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात काय शिजायचं, ते त्यात नाही.

ते आजीला माहीत आहे. आमचं मूळ गाव करमाळा तालुक्यात. शरद ऋतूत घरात जे असायचं ते खरिपाचं. बाजरी नुकती निघालेली. वसुबारसेला बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी करायची, त्या दिवशी गहू आणि गाईचं दूध चालत नाही. आजीच्या मते दिवाळीचं पहिलं खरं जेवण तेच. कोकणात आणि गोव्यात नरकचतुर्दशीला कारीट फोडलं की पोहे खातात. दुधातले, ताकातले, गूळ-खोबऱ्याचे. तेही नव्या भाताचे. शेतात जे तयार झालं ते ताटात, एवढा साधा हिशोब.

आता फराळाच्या ताटाकडे बघा. शंकरपाळी आणि करंजीला मैदा-रवा, म्हणजे गहू. बेसनाचा लाडू, शेव, चिवड्यातलं डाळं, म्हणजे हरभरा. गहू आणि हरभरा दोन्ही रब्बीची पिकं, फाल्गुन-चैत्रात निघणारी. वर साखर आणि कढईभर तेल. म्हणजे दिवाळीच्या दिवसांत कोरडवाहू शेतात यातलं जवळजवळ काहीच तयार होत नाही. ते साठवून ठेवायची ऐपत लागते, नाहीतर दुकानात जाऊन रोख पैसे मोजावे लागतात. हे लक्षात आलं तेव्हा मी आईला हाक मारून सांगितलं. ती म्हणाली, "मग? किराण्याची यादी मीच करते की दरवर्षी."

छापील पाककृतींची पुस्तकं रोख पगार असलेल्या घरांसाठीच आली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं सूपशास्त्र १८७५ चं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० चं. त्याच्या आदल्या वर्षी, १९०९ मध्ये, काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला होता. एका हातात अंक आणि दुसऱ्या हातात चकली हे आपल्या डोक्यातलं दिवाळीचं चित्र त्या शिकलेल्या, नोकरदार, शहरी घरांतलं आहे. ते चित्र वाईट आहे असं नाही. फक्त ते सगळ्यांचं नव्हतं.

मग साखर आणि तूप स्वस्त व्हायला लागले. एकेकाळी आपल्याकडे पांढरी साखर मोठ्या प्रमाणात जावाहून यायची. १९३२ मध्ये देशी साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला आणि कारखाने भराभर उभे राहिले. १९५० मध्ये प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला, त्यानंतर काय झालं ते पश्चिम महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. साजूक तुपाला पर्याय म्हणून १९३७ मध्ये डालडा आला. ताडाचं झाड असलेला पिवळा डबा. तूप संपल्यावर त्यात पीठ राहायचं, नाहीतर तुळस. आमच्याकडे एक अजून आहे, त्यात बाबांचे पाने-पकड असतात. पण डालडा आणि साखर दुकानात असून उपयोग काय, गिऱ्हाइकाच्या खिशात दिवाळीच्या तोंडावर पैसे हवेत. ते आले बोनसमधून.

बोनसचा इतिहास दिवाळीच्या गोड गोष्टीसारखा नाही. पहिल्या महायुद्धात मुंबईच्या गिरण्यांनी भरपूर नफा कमावला आणि कामगारांना बोनस दिला. पुढे तो बंद केला, तेव्हा १९२४ च्या सुरुवातीला मोठा संप झाला. चौकशी समितीनं निकाल दिला की बोनस हा कामगारांचा हक्क नाही. तो हक्क कायद्यात यायला १९६५ उजाडलं, आणि तोही किमान चार टक्के. १९७२ मध्ये किमान बोनस ८.३३ टक्के झाला. हा आकडा कुठून आला? शंभर भागिले बारा. म्हणजे वर्षाला एक महिन्याचा जादा पगार. १९७५ मध्ये, आणीबाणीत, तो पुन्हा चार टक्क्यांवर आणला गेला आणि १९७७ मध्ये सरकार बदलल्यावर परत ८.३३ झाला. कायद्यात आणखी एक कलम आहे: हिशोबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आत बोनस द्यायचा. वर्ष मार्चअखेर संपत असेल, तर मुदत नोव्हेंबरअखेर. कायद्यात दिवाळी हा शब्दही नाही, पण तारीख बरोबर तिथंच येते.

१९७२ पाशी मी थांबलो, कारण ते साल आमच्या घरात सारखं बोललं जातं. ज्या वर्षी कारखान्यातल्या कामगाराचा किमान बोनस महिन्याच्या पगाराएवढा झाला, त्याच वर्षी आमच्या गावात पाऊस नव्हता. आजी सत्तावीस वर्षांची होती, दुष्काळी कामावर खडी फोडत होती. रेशनवर मिलो मिळायची, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. कामावर सुकडी वाटायचे. बाबा सात वर्षांचे. त्यांना ती सुकडी आवडायची, कारण गोड होती. मी आजीला विचारलं, त्या दिवाळीला काय केलंस? ती म्हणाली, "सुकडीच पाण्यात कालवून तिच्या वड्या थापल्या. पोरांना सांगितलं, लाडू."

हे सांगताना ती रडली वगैरे नाही. गवार मोडत होती.

पिंपरीत तेव्हा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, टेल्को उभे होते, आकुर्डीत बजाज. १९७० मध्ये इथं नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. सोलापूर, नगर, मराठवाड्यातली माणसं इथं आली ती अशाच वर्षांच्या आठवणी घेऊन. बाबा १९८८ ला आले, भोसरीत एका छोट्या कारखान्यात लेथवर लागले. आई लग्न करून आली ती भाड्याच्या एका खोलीत. चकलीची भाजणी तिला शेजारच्या काकूंनी शिकवली आणि उरलेलं 'रुचिरा'नं. कमलाबाई ओगले यांचं हे पुस्तक १९७० चं. त्यात मापं वाटी-चमच्याची आहेत. वजनकाटा नसलेल्या खोलीत हे किती कामाचं असेल ते त्या पुस्तकाच्या पानांवरच्या तेलाच्या डागांवरून कळतं.

म्हणजे आमच्या घरची फराळाची "परंपरा" साधारण माझ्याएवढीच आहे, तिशीच्या आतली.

आणि ती मध्ये एकदा तुटलीही होती. २००८ च्या मंदीत ऑर्डरी थांबल्या आणि बाबांच्या कारखान्यात बोनस झाला नाही. मी पाचवी-सहावीत होतो. त्या वर्षी फक्त चिवडा झाला, तोही मुरमुऱ्यांचा. मी शाळेत "आमच्याकडे सगळं झालंय" असं सांगितलं होतं. परवा बाबांना हे पहिल्यांदाच सांगितलं. ते गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणून तर म्हणतो, घरी करायचा." तेव्हा मला कळलं की ते परंपरेबद्दल बोलत नव्हते. घरात पाच डबे भरलेले दिसणं म्हणजे बोनस झाला, एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

सरकारलाही ही भाषा कळते. २०२२ च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा' शंभर रुपयांत दिला: एक किलो रवा, एक किलो हरभराडाळ, एक किलो साखर, एक लिटर पामतेल. रव्याचा लाडू, बेसन, शेव. ज्यांच्या आज्यांनी मिलो खाल्ली त्यांच्याही दिवाळीची व्याख्या आता हीच आहे. मला स्वतःला बोनस मिळत नाही. त्याला पगाराची मर्यादा आहे, माझा पगार त्याच्या वर. आम्हाला सुकामेव्याचा खोका मिळतो.

आईच्या मनगटाचं काय, हा प्रश्न उरलाच. एवढ्या इतिहासात तळणाऱ्या बाईच्या हाताबद्दल फारसं कुणी लिहिलेलं नाही. शेवटी चकल्या गल्लीतल्या बचत गटाच्या ताईंकडून घ्यायचं ठरलं. आणायला गेलो तर त्यांच्याही हाताला पट्टा होता. सांगितलेल्या भावात घासाघीस केली नाही, एवढंच मला जमलं.

चिवडा मी केला. पोहे थोडे जळले. बाबांनी डालड्याच्या डब्यातली हत्यारं काढून तो घासून दिला आणि चिवडा त्यात भरला. पाचवा डबा आजीनं भरला, कणकेच्या, गुळाच्या कापण्यांनी. वसुबारसेला बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी होती. आईनं दोन भाकरी खाल्ल्या आणि त्या दिवशी गॅससमोर उभी राहिली नाही. भाकरी बाबांनी थापल्या होत्या, कडा फाटलेल्या.