कर्जरोख्याला लागलेले हात

(प्रार्थनामंदिराच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



गेल्या शब्बाथला आपण मिश्पातीम ही पाराशा वाचली. तीत कर्ज आणि तारण यांविषयीच्या आज्ञा येतात. त्या ऐकताना माझे मन चाळीस वर्षे मागे गेले. म्हणून व्याख्यानासाठी मला बोलावणे आले, तेव्हा रक्तदाब आणि मधुमेह हे माझे नेहमीचे विषय बाजूला ठेवून मी गृहकर्जाचा विषय घेतला. निवृत्त परिचारिकेचा या विषयाशी संबंध काय, असे आपण विचाराल. संबंध सहीचा आहे.

मुंबईत मी परिचर्येची पदविका घेत होते, तेव्हा आमच्या सिस्टर-ट्यूटर एक गोष्ट पुनःपुन्हा बजावीत. शस्त्रक्रियेच्या कागदावर रुग्णाची सही किंवा अंगठा घेण्यापूर्वी, आपल्याला काय होणार आहे हे त्याने स्वतःच्या शब्दांत सांगितले पाहिजे. त्याला ते सांगता आले नाही, तर तो कागद कोराच समजावा. इस्राएलमध्ये 1996 साली रुग्णहक्कांचा कायदा झाला आणि समजून-उमजून दिलेली संमती ही कायद्याचीच अट झाली. रुग्णालयात मी हा नियम आयुष्यभर पाळला. रुग्णालयाबाहेर मात्र एकदा तो माझ्याकडून मोडला.

1982च्या सुमाराची गोष्ट. आमच्या वस्तीत अलिबागकडून आलेले एक वयस्क जोडपे राहत असे. त्यांना लहानसे घर घ्यावयाचे होते. काकांना हिब्रू प्रार्थना मुखोद्गत होत्या, पण बँकेचे हिब्रू त्यांना कळत नसे. मी रुग्णालयात नोकरीला, हिब्रू बोलणारी, म्हणून दुभाषी या नात्याने मला बरोबर नेले. बँकेचे नाव येथे महत्त्वाचे नाही. टेबलामागच्या गृहस्थांनी भराभर वाचून दाखविले. त्यात ‘मदाद’ हा शब्द वारंवार येत होता. कर्ज ‘मदाद’ला जोडलेले आहे, असे ते म्हणाले. काकांनी माझ्याकडे पाहून विचारले, “मदत म्हणजे सरकारची मदत ना गं, सिस्टर?” मला औषधांचे हिब्रू येत होते, पैशाचे येत नव्हते. ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणण्याची मला लाज वाटली. मी म्हटले, “असेल, काका. सरकारी योजनाच दिसते.” काकांनी सही केली, काकूंनी अंगठा दिला.

‘मदाद’ म्हणजे ग्राहक किंमतींचा निर्देशांक. महागाई जितकी वाढेल, तितकी कर्जाची मूळ रक्कमही वाढेल, असा त्या अटीचा अर्थ होता. 1984 साली या देशात महागाई सुमारे 445 टक्क्यांनी वाढली. म्हणजे वर्षारंभी शंभर शेकेल असलेले कर्ज वर्षअखेरीस, हप्ते वजा करण्यापूर्वी, साडेपाचशेच्या जवळ जाई. पगारही निर्देशांकाबरोबर वाढत, पण मागाहून वाढत, आणि काकांचे तुटपुंजे उत्पन्न तर फारच मागे राही. 1985च्या आर्थिक स्थैर्य योजनेनंतर महागाई आटोक्यात आली, पण तोपर्यंत फुगलेली रक्कम काही उतरली नाही. काका हातात कागद घेऊन माझ्याकडे आले. “सिस्टर, मी फेडतोय आणि ते वाढतंय. काहीतरी चूक झाली असेल, विचारून बघ.” मी विचारले. चूक झालेली नव्हती. सर्व काही कागदाप्रमाणे होते.

मी त्या पद्धतीला लबाडी म्हणत नाही. महागाईने ऋणकोचा पगार झिजतो, तसाच धनकोचा पैसाही झिजतो. त्याचे मूल्य राखण्यासाठी निर्देशांकाची तरतूद आली. माझा प्रश्न निराळा आहे. सही करणाऱ्याला जे कळले नाही, ते त्याला समजावून देण्याचे कर्तव्य कोणाचे?

आपल्या तोराने या प्रश्नाला फार पूर्वी हात घातला आहे. गरिबाचे पांघरूण तारण घेतले, तर सूर्यास्तापूर्वी परत करावे, कारण रात्री अंगावर घ्यायला त्याच्याजवळ दुसरे काही नाही, ही आज्ञा आपण गेल्या आठवड्यात वाचली. देवारीमच्या चोविसाव्या अध्यायात आणखी दोन आज्ञा आहेत. जात्याची तळी किंवा वरचा दगड तारण घेऊ नये. ज्यावर माणूस जगतो ते काढून घेणे म्हणजे त्याचा जीवच तारण घेणे होय. आणि तारण आणण्यासाठी धनकोने ऋणकोच्या घरात शिरू नये; बाहेर उभे राहावे, त्याने ते बाहेर आणून द्यावे. आपले पूर्वज कोकणात शनवार तेली म्हणून ओळखले जात. त्यांच्या घाण्याला जात्याच्या जागी ठेवून पाहा, म्हणजे पहिल्या आज्ञेचे मर्म कळेल. दुसऱ्या आज्ञेत तर कर्जात बुडालेल्या माणसाच्या उंबरठ्याचीही प्रतिष्ठा राखली आहे.

वायिक्रामध्ये आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये, अशी आज्ञा आहे. आपल्या हाखामांनी तिचा अर्थ डोळ्यांनी आंधळ्या माणसापुरता ठेवला नाही. जो एखाद्या विषयात आंधळा आहे, त्याला त्याच्या अहिताचा सल्ला देऊ नये, असा त्यांनी अर्थ केला. त्यांचा दाखलाही व्यवहारातला आहे: शेत विकून गाढव घे, असा सल्ला एखाद्याला द्यावा आणि ते शेत आपणच हस्तगत करावे, असे करू नये. सल्ला देणाऱ्याचा स्वार्थ लपलेला असणे, हेच ते अडखळण.

सर्वांत अधिक मला मिश्नाच्या बावा मेत्सिया या भागातील पाचव्या प्रकरणाचा शेवट हलवून सोडतो. व्याजाच्या कर्जात दोषी कोण, याची तेथे गणना आहे. कर्ज देणारा, घेणारा, जामीन आणि साक्षीदार. आणि हाखाम म्हणतात, लेखनिकसुद्धा. ज्याला त्या व्यवहारातून व्याजाचा पैसाही मिळायचा नाही, केवळ रोखा लिहिण्याचे काम ज्याचे, तोही. आजच्या इस्राएलमध्ये बँका ‘हेतेर इस्का’ करून कर्जाला भागीदारीचे रूप देतात आणि त्यामुळे व्याजाच्या निषेधातून धर्मशास्त्रीय वाट निघते. परंतु रोख्याला ज्याचा हात लागला तो उत्तरदायी, या तत्त्वातून अशी वाट मला दिसत नाही. त्या गणनेत दुभाषी नाही. मी तो मनात जोडून घेते.

नहेम्याच्या ग्रंथाचा पाचवा अध्यायही आठवावा. यरुशलेमचा कोट बांधला जात असताना लोकांनी आक्रोश केला, की दुष्काळात धान्यासाठी आम्ही शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण टाकली, राजाचा कर भरण्यासाठी कर्ज काढले आणि आता आमची मुलेबाळे दास्यात जात आहेत. नहेम्याने सरदारांना सभेत जाब विचारला. पण आपण, आपले भाऊ आणि आपले सेवकही पैसा आणि धान्य कर्जाऊ देत आहोत, हे त्याने त्याच सभेत सांगितले, आणि मग सर्वांना ते सोडून देण्याची विनंती करून याजकांसमक्ष शपथ घ्यायला लावली. सुधारणेचा आरंभ त्याने स्वतःचे नाव घेऊन केला.

आपण येथे घराच्या कर्जाला ‘मश्कांता’ म्हणतो. हा शब्द तलमूदमधला आहे. बाबेलमधील सुरा या नगराच्या नावाने ओळखली जाणारी एक मश्कांता तेथे सांगितली आहे. धनकोने ठराविक वर्षे शेताचे उत्पन्न घ्यावे आणि ती वर्षे भरली की शेत पैसे न देता मूळ मालकाकडे परत जावे. कर्ज किती आणि ते कधी संपणार, हे पहिल्या दिवशीच दोघांनाही ठाऊक. काकांच्या मश्कांतेत नेमके हेच नव्हते.

आता ज्या भूमीतून आपण आलो तिच्याकडे वळू. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील कुणब्यांची हकीकत आपल्यापैकी काहींनी शाळेत ‘दख्खनचे दंगे’ या नावाने वाचली असेल. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात हिंदुस्थानच्या कापसाला भाव आला, सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले; इकडे सरकारने जमिनीचा सारा वाढविला. 1859च्या मुदतीच्या कायद्याने रोख्यावरील दाव्याची मुदत तीन वर्षांवर आणली होती. हेतू ऋणकोच्या हिताचा होता, पण परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून सावकार नवा रोखा लिहून घेई. कुणब्याला वाचता येत नसे. रोखा दुसरा कोणी लिही आणि खाली कुणब्याची निशाणी म्हणून नांगर काढला जाई. पुढे दावा लागला की कुणबी बहुधा कोर्टात हजरच नसे आणि एकतर्फी हुकूमनामा होई.

12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे या गावी लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले आणि दंगा गावोगाव पसरला. सावकारांच्या जिवावर उठण्यापेक्षा रोखे, हुकूमनामे आणि वह्या हस्तगत करून जाळण्यावर त्यांचा मुख्य रोख होता. ज्या कागदात काय लिहिले आहे हे कधी कळले नाही, तो कागदच त्यांनी नष्ट केला.

त्यानंतर सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. त्यातील तीन तरतुदी पाहा. शेतकऱ्याचा दस्तऐवज ग्रामनिबंधकासमोर लिहिला जावा आणि सही-निशाणीपूर्वी मोठ्याने वाचून दाखविला जावा. सावकाराने पावती द्यावी आणि हिशेब दाखवावा. आणि न्यायाधीशाने केवळ रोख्यावरचा आकडा न मानता, व्यवहाराच्या आरंभापासून इतिहास तपासून मुद्दल आणि व्याज वेगळे करावे. न्यायमूर्ती रानडे यांनीही या कायद्याखाली न्यायदानाचे काम केले. कायदा सर्वस्वी यशस्वी झाला नाही. गहाणावर नजर पडू लागताच काही सावकार गहाणाऐवजी खरेदीखतच करून घेऊ लागले. कायद्याने एक दार लावले तर दुसरे उघडणारे हात असतातच. तरीही दस्तऐवज मोठ्याने वाचून दाखविण्याची ती अट मला आमच्या सिस्टर-ट्यूटरच्या नियमाची थोरली बहीण वाटते.

अशिक्षित कुणब्याची ही जुनी कथा, आज तिचे काय, असे कोणी म्हणेल. म्हणून अमेरिकेचे उदाहरण देते. 2008पूर्वीच्या काही वर्षांत तेथे उत्पन्नाचा पुरावाही न पाहता गृहकर्जे दिली गेली. सुरुवातीला हप्ता लहान आणि दोन-तीन वर्षांनी एकदम मोठा, अशी अनेक कर्जे होती. कर्ज देणारी संस्था ते पुढे विकून टाकी. तेव्हा ऋणकोला हप्ता झेपेल की नाही, याची काळजी तिला उरत नसे. ऋणकोला अधिक दराचे कर्ज गळ्यात घातल्यास दलालाला अधिक मोबदला मिळे. शेत विकून गाढव घ्यायला सांगणारा सल्लागार तो हाच. परिणाम आपण पाहिला: लक्षावधी कुटुंबांची घरे गेली आणि जगभर मंदी आली. 2010 साली अमेरिकेत नवा कायदा झाला. त्याने धनकोवर ऋणकोची परतफेडीची ऐपत तपासण्याचे बंधन घातले आणि कर्जाच्या दरावर दलालाचा मोबदला ठरविण्यास मनाई केली. जे वॉर्डातल्या परिचारिकेला पहिल्या वर्षी शिकवितात, ते एवढ्या हानीनंतर लिहावे लागले: औषध देण्यापूर्वी रोग्याला ते सोसेल का, हे पाहा.

आपल्या देशातही बदल झाला आहे. 1992 साली जामिनाच्या कायद्यात सुधारणा होऊन सामान्य जामीनदाराला संरक्षण मिळाले; कर्जाच्या अटी त्याला कळविणे धनकोवर बंधनकारक झाले. पहिल्या घरासाठी घराच्या किमतीच्या 75 टक्क्यांहून अधिक कर्ज देऊ नये, असे बँक ऑफ इस्राएलने 2012 साली ठरविले. मासिक हप्ता उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नसावा, हे 2013 साली ठरले. आणि 2022पासून बँकांना कर्जाचे समान नमुने ग्राहकापुढे ठेवावे लागतात, म्हणजे एका बँकेची दुसरीशी तुलना करता येते. काकांच्या वेळी यातले काही असते, तर माझ्या अज्ञानाने एवढे नुकसान केले नसते.

पुष्कळ वर्षांनी, त्यांच्या आजारपणात मी काकांच्या उशाशी बसले असता, त्यांना सारे सांगितले. मला तो शब्द कळला नव्हता आणि मी कळल्याचे सोंग केले, असे सांगितले. सत्तरीपर्यंत रात्रपाळीचा पहारा करून त्यांनी ते घर सोडविले होते. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पोरी, तुला ठाऊक नव्हतं. पण त्या टेबलामागच्या माणसाला ठाऊक होतं, आणि मला कळलं नाही हे त्याला दिसत होतं.”

व्यवसायाचे कर्तव्य म्हणजे काय, हे मला याहून सोप्या शब्दांत कोणी सांगितलेले नाही. ज्याला ठाऊक आहे आणि ज्याला समोरच्याचे न कळणे दिसते आहे, त्याने थांबले पाहिजे. काकांनी मला माफ केले, तरी माझा हात त्या रोख्यावरून निघाला असे मी मानीत नाही.

आपली मुले आणि नातवंडे आज बँकांत, विम्यात, गृहकर्जाच्या सल्लागारीत आहेत; त्यांचा मला अभिमान आहे. त्यांना एवढेच सांगणे आहे, की ग्राहकाकडून सही घेण्यापूर्वी, आपण काय कबूल करतो आहोत, हे त्याच्या तोंडून ऐका. तुमचे मानधन कोठून येते, हे त्याला विचारण्याआधी सांगा. आणि माझ्या वयाच्या मंडळींना विनंती, की नातवाच्या किंवा शेजाऱ्याच्या कर्जाला जामीन राहण्यापूर्वी कागद घरी आणा, शब्दन् शब्द समजून घ्या. न कळलेल्या शब्दाला ‘हो’ म्हणू नका, आणि दुसऱ्यालाही म्हणू देऊ नका.